रात्री पाय वळवळतात, त्याला ‘टेन्शन’ म्हणू नका

भातलावणीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांमधल्या बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. एवढ्या कष्टानंतर पाठ टेकताच झोप लागायला हवी. पण काही जणींच्या पोटऱ्यांत आतून वळवळतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस. कुणी बाहेरचं बघायला सांगतं. शेवटी झोपेची गोळी येते.

या त्रासाचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातलं लोह कमी होणं. गरोदरपणात तो वाढतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. तरी झोपेची तक्रार केली तर हिमोग्लोबिन किती, हे विचारणारं कुणी नसतं.

पायांची जळजळ आणि मुंग्या चालल्यावरही जात नसतील, तर बी-१२ जीवनसत्त्वाकडे बघावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. २००६ साली निष्कर्ष छापून आले: सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी, आणि सर्वांत जास्त कमतरता मध्यमवर्गात. शाकाहार हे त्याचं मोठं कारण.

हे वाचून आपल्या घरांनी थोडं थांबावं. पोरगा शहरात नोकरीला लागला, भाड्याची खोली घेतली, की आधी सुकट-बोंबील बंद होतात; वास येतो म्हणून शेजारी नाक मुरडतात. कलेजीचं तर नावही निघत नाही. पावसाळ्यासाठी आज्या डब्यात भरून ठेवायच्या त्या सुकटीत बी-१२ असतं. कलेजीत तर बी-१२ आणि लोह दोन्ही भरपूर. लाज कसली? सुकट धुऊन घ्या, मीठ कमी होतं. जे मांस-मासळी खात नाहीत त्यांनी दूध-दही घ्यावं आणि बी-१२ची तपासणी करून घ्यावी.

सगळी निद्रानाशाची दुखणी ताटात नसतात, हेही खरं. गळकं पत्र्याचं छप्पर, डास, सावकाराचा तगादा, दारू पिऊन आलेला नवरा, यांवर जीवनसत्त्वाची गोळी चालत नाही. ताकदीच्या सुया टोचून घेण्यात पैसे घालवू नयेत.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं १२च्या खाली असलं तर रक्तक्षय. ते ठीक असूनही पाय वळवळत असतील, तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. साठा त्यात कळतो. लोहाची गोळी लिंबू-पाण्यासोबत घ्या. चहा तासभर आधी नको, नंतरही नको. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका.