अंधार आहे, फाटक हवे

दिवाळी उरकली की हौशी आकाशनिरीक्षकांचा मोसम सुरू होतो आणि त्याबरोबरच जागेची शोधाशोधही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे, मुंबईत खगोल मंडळ हेच काम १९८५ पासून करते आहे. मुंबईकरांना पूर्वी कर्जत मार्गावरचे वांगणी पुरत असे. आता बदलापूर, अंबरनाथचा उजेड तिथल्या क्षितिजावरही चढतो. तरी आणखी दोन तास प्रवास केला की चांगला अंधार अजून मिळतो. मिळत नाही ती निर्धास्तपणे रात्र काढता येईल अशी जागा.

दुर्बीण हे पळून जाण्याच्या सोयीचे साधन नाही. तिपाई समतल करायची, अक्ष ध्रुवाकडे साधायचा, आरसा थंड होऊ द्यायचा, यात तासभर जातो. अंधाराला डोळे सरावायला आणखी अर्धा तास. एखादी मोटारसायकल हेडलाइट टाकत आली की तो सराव मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून निरीक्षक टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावतात आणि हळू आवाजात बोलतात.

आता हेच बांधावरून पाहा. अमावास्येची रात्र, माळावर दहा-बारा अनोळखी माणसे, मिणमिणता लाल उजेड, तिपाईवर नळकांडे. गुप्तधन, मुले पळवणारी टोळी, चोर, काहीही मनात येऊ शकते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यानंतर तरी गावाला न कळवता माळावर उतरणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटावे, जमल्यास पहिला तास गावातल्या पोरांना शनीची कडी दाखवण्यात घालवावा. शनी पाहिलेले गाव रात्री काठ्या घेऊन येत नाही.

पण एवढ्याने भागत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात उसाच्या फडालगत बिबट्या असतो. तिथले शेतकरी रात्री पाणी द्यायला जावे लागू नये म्हणून दिवसा वीज मागतात, तिथे शहरातल्या मुलांनी उघड्यावर बसणे शहाणपणाचे नाही. शिवाय स्वच्छतागृह नसेल तर मुली येत नाहीत आणि कुंपण नसेल तर पालक पाठवत नाहीत. शेवटी मंडळे पैसे मोजून फार्महाऊस घेतात. तिथे कुंपण असते, पण शेजारच्या लॉनवर हॅलोजन आणि डीजे. ज्या विद्यार्थ्याला हे भाडे परवडत नाही, त्याने आकाशगंगा पाहायचीच नाही का?

उत्तर आपल्याच राज्यात तयार आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे वनखात्याने सिल्लारीसह आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून फक्त खाली उजेड टाकणारे बसवले. रस्ता दिसतो, आकाशही दिसते. लडाखमध्ये हानले येथे स्थानिक तरुणांनाच दुर्बिणी देऊन आकाश दाखवायला तयार केले आहे. मात्र पुण्याहून पेंच सातशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि हानले तर साडेचार हजार मीटर उंचीवर. दर महिन्याच्या अमावास्येला जाण्याची ही ठिकाणे नव्हेत.

जवळची ठिकाणे सरकारच्याच ताब्यात आहेत. धरणांवरची पाटबंधारे खात्याची विश्रामगृहे, वनखात्याची निसर्ग पर्यटन संकुले, पर्यटन महामंडळाची निवासस्थाने, आश्रमशाळांची मैदाने. फाटक, चौकीदार, पाणी, संडास, सगळे आधीच आहे. करायचे इतकेच की अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आवारातले दिवे मालवायचे आणि नोंदणीकृत खगोल मंडळांना माफक दरात रात्रभर आत राहू द्यायचे. ऑक्टोबर ते मे म्हणजे वर्षाला आठ रात्री. यासाठी नवे बांधकाम नको, मोठा निधीही नको. आमदार निधीतून चौकाचौकात उभे राहणारे हायमास्ट तरी या आवारांपासून दूर ठेवावेत आणि झाकणीचेच बसवावेत.

प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने जिल्ह्यातले असे एकच आवार निवडून या दिवाळीआधी जाहीर करावे. खगोल मंडळांनीही वाट पाहत न बसता आपल्या पाहणीतल्या जागांची यादी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालय गाठावे.