सागावरील दोन पतंग व फवारणीची घाई

भाद्रपदाच्या सुमारास बांधावरील सागाचीं पानें तपकिरी पडून जाळीसारखीं दिसूं लागतात, आणि झाडावर कोणतें औषध मारावें अशी विचारणा सुरू होते. आमचें मत स्पष्ट आहे : त्या वेळीं कांहींही मारूं नये.

सागाचीं पानें दोन निरनिराळ्या पतंगांच्या अळ्या खातात. शेतकरी व औषधविक्रेते दोघेही त्यांस एकच समजतात. पैकीं विक्रेत्यास तसें समजणें सोयीचें असतें. पहिली ती पानें खाणारी अळी, शास्त्रीय नांव हिब्लिया प्युएरा. हिच्या पतंगाचे पंख पसरले असतां ३ ते ४ सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख वाळल्या पानाच्या रंगाचे असल्यामुळें बसलेला पतंग नजरेस येत नाहीं. उडाला म्हणजे मागल्या काळपट पंखांवरील नारिंगी पट्टे चमकतात. पावसाळ्याच्या तोंडीं पालवी फुटली कीं मादी कोवळ्या पानांवर सुटीं अंडीं घालते. अळी पानाची कड कापून दुमडते, रेशमी धाग्यानें टांचते व त्या घडींत राहून खाते. शेवटीं जाड शिरांखेरीज पानाचें कांहीं उरत नाहीं. मुंबईच्या खाडीकांठच्या तिवरांचा पालाही हीच अळी फस्त करते.

दुसरी युटेक्टोना मॅकेरालिस. पतंग इवलासा, पिवळ्या पंखांवर तांबूस नागमोडी रेघा. अळी विरळ जाळ्याखालीं बसून शिरांमधील हिरवा भाग तेवढा खाते. पान उजेडासमोर धरल्यास बारीक शिरांची नक्षी शाबूत दिसते. हिचा जोर जून पानांवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धांत.

नुकसान कोणती करते? केरळ वनसंशोधन संस्थेनें निलांबूर येथील कोवळ्या लागवडींत ही तुलना केली. पहिल्या अळीमुळें लांकडाची संभाव्य वाढ सुमारें ४४ टक्के बुडाली. दुसरीमुळें लक्षांत घेण्याजोगी घट आढळली नाहीं, कारण तीं पानें लवकरच गळावयाचीं असतात. आमच्याकडील पाऊसमान निराळें, म्हणून हा आंकडा जसाच्या तसा येथें लावूं नये. पण उंच झाडावर विष उडवून परोपजीवी गांधीलमाश्या व मधमाश्या मारण्यास तो आधार खचित देत नाहीं. हा खर्चही पदरचाच.

लक्ष द्यावयाचें तें ज्येष्ठ-आषाढांत, आणि तेंही कोवळ्या झाडांकडे. पालवीच्या कडांवरील घड्या उलगडून पाहाव्या. रोपवाटिकेंत व हातास येणाऱ्या झाडांवर अळ्या वेंचून नष्ट कराव्या. या अळीस विषाणूचा एक रोग होतो. रोगट अळी मऊ पडून पानास लोंबकळत मरते व फुटते, आणि तिच्यांतील द्रव पानांवर पडून तीं खाणाऱ्या इतर अळ्यांस लागण होते. अशा लोंबकळत्या अळ्या दिसल्यास त्या मात्र वेंचूं नयेत, जागच्या जागीं राहूं द्याव्या.