आतली कडी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन प्रकारचे डबे भरले जातात. एक घरच्यांसाठी, दुसरा परदेशी जाणाऱ्यांसाठी. घरच्या डब्यातला चिवडा चार दिवसांत तळ गाठतो. परदेशी जाणारा डबा मात्र तीनदा वजन करून, दोनदा उघडून आणि एकदा भांडून बांधला जातो. यंदा शेजारचा मुलगा संशोधनासाठी जर्मनीला निघाला आहे. त्याच्या आईने परवा मला विचारले, "काका, तुमची पुतणी तिकडे राहून आली. याच्याबरोबर आणखी काय देऊ?"

मी म्हणालो, "लाडू द्या, चकल्या द्या; पण त्याच्या आधी तिथल्या कोणाचा तरी पत्ता द्या."

माउली जरा गोंधळली. माझ्यासारख्या खाण्याच्या भोक्त्याने चकलीच्या आधी पत्त्याला मान द्यावा, याचे तिला नवल वाटले असावे. पण वाचकहो, हे शहाणपण मला फार उशिरा आले आणि ते आले पहूरला, आमच्याच घरात झालेल्या एका चुकीतून. ती चूक आज सांगतो.

पहूर हे आमचे मूळ गाव. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यात, वाघूर नदीच्या काठी. पेठ आणि कसबे असे गावाचे दोन भाग. जळगावाहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारी मोटार पहुरावरूनच पुढे जाते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडीही पहूरला थांबत असे. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली, ती पुन्हा सुटली नाही. पण एके काळी या गाडीने यायचे, पहूरला उतरायचे आणि बैलगाडी किंवा टांगा पाहून फर्दापूरमार्गे लेणी गाठायची, अशी परदेशी पाहुण्यांची वहिवाट होती. खानदेश इंग्रजांचा, लेणी निजामाच्या मुलखात; पहूर म्हणजे जणू दोन राज्यांमधला उंबरठा. उंबरठ्यावरच्या माणसाला पाहुण्यांची सवय असते. निदान आम्हाला तसे वाटत होते.

आणि पाहुणे तरी कसले! 1844 साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला धाडले. तो जो आला तो इथलाच झाला. पारो नावाची इथलीच एक स्त्री त्याची सोबतीण होती. 1856 मध्ये ती गेली. तिच्या नावाची शिळा अजिंठा गावात आहे आणि गिलची कबर भुसावळला. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या. 1909 ते 1911 या काळातल्या दोन हिवाळ्यांत त्यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद अशा तरुण चित्रकारांना हाताशी धरून पुन्हा नकला केल्या. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक पन्नासच्या दशकात आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ येतच राहिले. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अवघ्या वीसेक वर्षांत, यांतली बहुतेक लेणी कोरली गेली, हे मत मांडण्यासाठी त्यांनी ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. 2019 मध्ये ते वारले.

ही सारी मोठी माणसे. आमच्याकडे आली ती लहान होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, युरोपातली, डॉक्टरेटसाठी काम करणारी मुलगी. साल 1996. तिचे नाव सांगत नाही. गावात तिला सगळे 'मॅडम'च म्हणत.

तिचा विषय ऐकून आमचे दादा चकित झाले होते. अजिंठ्याची चित्रे सगळे पाहतात. या मुलीला चित्रांच्या मागची माती पाहायची होती! चित्र काढण्याआधी कारागिरांनी भिंतीला मातीचा गिलावा दिला, त्यात भाताचा तूस मिसळला, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. ती माती कुठली? वाघूरच्या काठची का? हे ताडून पाहण्यासाठी तिला नदीकाठच्या ठिकठिकाणच्या मातीचे नमुने हवे होते. पाच महिने राहायचे होते. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी चिठ्ठी दिली आणि दादांनी माडीवरची खोली झाडून घेतली.

मी तेव्हा जळगावात शिक्षक होतो. दर शनिवारी पहूरला जायचो आणि पाहुणचाराचा थाट पाहून माझी छाती फुगायची. वहिनींनी काय करायचे बाकी ठेवले होते? कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी, खापरावरचे मांडे. ताटाशी दोघी-तिघी बसून आग्रह करीत. दुपारी शेजारच्या बायका मॅडमला पाहायला येत आणि लग्न झाले का, आई-बाप इतक्या लांब कसे सोडतात, हे प्रश्न खुणांनी विचारीत. रात्री पोरे माडीवर जात आणि ती लिहीत असली तर तिच्या वहीत डोकावून बघत. माझी पुतणी तेव्हा सहा वर्षांची. ती तर सावलीसारखी तिच्या मागे असे. बिचारी एकटी आहे, तिला एकटे वाटू नये, म्हणून आम्ही तिला एक क्षणही एकटे सोडले नाही!

मात्र जे सांगायला हवे होते ते कोणीच सांगितले नाही. परदेशी माणसाला दीर्घ मुक्कामासाठी आल्यावर चौदा दिवसांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. तिला वाटले, यजमान सांगतील; आम्हाला वाटले, तिला ठाऊक असेल. मुदत टळली आणि मग तीन हेलपाटे, दोन अर्ज आणि एक लेखी खुलासा. पावसात वाघूरला अचानक पूर येतो, एस.टी.ची शेवटची गाडी वेळेआधीही निघून जाते, उकळलेले पाणी मागितले तर कोणाला राग येत नाही, एस.टी. स्टँडवरच्या टेलिफोनवरून रात्री घरी फोन करणे स्वस्त पडते... यांतले काहीही आम्ही तिला सांगितले नाही. ती एकेक गोष्ट ठेच लागून शिकली.

मग मातीचा प्रसंग झाला. दोन महिने हिंडून तिने सोळा ठिकाणची माती जमवली होती. कापडी पिशव्यांत, चिठ्ठ्या लावून, माडीच्या कोपऱ्यात. एके दिवशी ती लेण्यांकडे गेलेली असताना वहिनींच्या मनात आले, की पोरगी इतकी खपते, आपण तिला थोडा हातभार लावावा. त्यांनी घरातल्या बायकांना हाताशी घेतले, सगळी माती अंगणात ओतली, खडे-काड्या वेचल्या, चाळणीने चाळली आणि पुन्हा स्वच्छ पिशव्यांत भरून ठेवली. कशी? मैद्यासारखी!

त्या खड्यांत आणि काड्यांतच तिचा सारा अभ्यास होता. कोणती माती कोणत्या ठिकाणची, तेही आता सांगता येईना.

मी त्या संध्याकाळी घरीच होतो. ती जिना चढून वर गेली, खाली आली, वहिनींचा हसरा चेहरा तिने पाहिला आणि म्हणाली, "थँक्यू." मग परसात जाऊन विहिरीच्या कठड्याशी बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. तिथेही दोन पोरे तिच्या मागे गेलीच.

पाच महिन्यांसाठी आलेली ती मुलगी साडेतीन महिन्यांत निघून गेली. आम्ही म्हटले, घरची आठवण आली असेल. कोणी म्हणाले, गोऱ्यांना आपले अन्न सोसत नाही. भरिताला मात्र तिने कधी नाही म्हटले नव्हते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

असो. तेवीस वर्षे गेली. माडीवर डोकावणारी ती सहा वर्षांची पोर रसायनशास्त्रात डॉक्टरेट झाली आणि 2019 च्या ऑक्टोबरात पुढच्या संशोधनासाठी जर्मनीला गेली. दिवाळी तोंडावर होती. फराळाचा डबा आम्ही सोबत बांधून दिला. ती पोचली शनिवारी रात्री. तिथे रविवारी दुकाने बंद असतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सोमवार सकाळपर्यंत तिने चिवडा आणि लाडवांवर काढली. फोनवर मात्र म्हणाली, "सगळे छान आहे, काका." सगळे छान आहे हे वाक्य पोरांनी फार घाईने म्हटले की समजावे, काहीतरी छान नाही.

पुढे कळले ते असे. बँकेत खाते उघडायला नोंदवलेला पत्ता हवा. पत्ता नोंदवायला घरमालकाचे लेखी पत्र हवे. घरमालक म्हणे, आधी पगाराची चिठ्ठी दाखवा. आणि पगार जमा व्हायला बँकेत खाते हवे! परदेशी संशोधकांना मदत करणारा स्वतंत्र विभाग तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत असतो. हुम्बोल्ट प्रतिष्ठानासारख्या संस्था तर आपल्या शिष्यवृत्तीच्या संशोधकांना आणि त्यांच्या जोडीदारालाही भाषा शिकायला मदत करतात. पण विभागाचे दार कोणते आणि ते केव्हा उघडे असते, हे नवख्याला कोण सांगणार?

सांगितले ते प्रयोगशाळेतल्या, निवृत्तीला आलेल्या एका मदतनीस बाईंनी. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुतणीच्या टेबलावर एक कागद ठेवला. कोणती बस, कोणत्या कचेरीत सकाळी किती वाजता क्रमांक घ्यायचा, कोणती कागदपत्रे न्यायची, रविवारी कोणती बेकरी उघडी असते, आजारी पडलीस तर कोणाला फोन करायचा. आणि शेवटी लिहिले होते, 'दर गुरुवारी चार वाजता मी खाली कॉफी पिते. आलीस तर आनंद. नाही आलीस तरी चालेल.'

पुतणीने त्या कागदाचा फोटो मला पाठवला. 'नाही आलीस तरी चालेल' हे शब्द मी दोनदा वाचले. पहूरच्या आमच्या घरात, साडेतीन महिन्यांत, हे वाक्य त्या मुलीला कोणीही म्हटले नव्हते.

आपल्याकडे या कामाचा थोर धडा आनंदीबाई जोशींच्या चरित्रात आहे. 1883 साली अठरा वर्षांची ती मुलगी न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा बंदरावर थिओडोसिया कार्पेंटर बाई उभ्या होत्या. पण त्यांची मदत त्या दिवशी सुरू झाली नव्हती. आधी तीन वर्षे दोघींची पत्रे चालू होती. रोझेल गावातल्या त्या घरात कोण कोण आहे, हे आनंदीबाईंना समुद्र ओलांडण्याआधीच ठाऊक होते. त्या बाईंना त्यांनी 'मावशी' मानले, आणि मावशींनी त्यांना मेमसाहेब करायचा हट्ट धरला नाही. नऊवारीने थंडीत पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली, तीही आपल्या विचाराने. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांची रक्षा मावशींकडे पोचली आणि पकीप्सीच्या स्मशानभूमीत घरच्या माणसांशेजारी ठेवली गेली.

आणि उलट दिशेचे उदाहरण फलटणचे. अमेरिकेतून मराठीच्या अभ्यासासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन फलटणला इतक्या रुळल्या, की त्यांनी इथले नागरिकत्व घेतले, शाळा काढली. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकवणारी पुस्तके लिहिली. ज्याला कोणी वाट दाखवली तोच पुढच्यासाठी वाट आखून ठेवतो, तो असा.

आता शेवटचे सांगतो. त्या कागदानंतर पुतणीला आमची जुनी मॅडम आठवली. नाव ठाऊक होतेच. शोध घेतला तर ती एका विद्यापीठात प्राध्यापक झालेली. हिने पत्र पाठवले, मातीबद्दल क्षमा मागितली आणि विचारले, 'आमच्या घरी तुम्हाला खरे काय हवे होते?'

उत्तर आले. माती तिने पुढच्या वर्षी येऊन, फर्दापूरला राहून, पुन्हा जमवली होती. पहुरावरून दोनदा गेली. आमच्याकडे यायचा धीर झाला नाही. तुमच्या आईइतके प्रेम मला परक्या देशात कुठे मिळाले नाही, असे लिहून तिने पुढे लिहिले होते, 'पण त्या खोलीला आतून कडी नव्हती. मला फक्त एक आतली कडी हवी होती. मागायला लाज वाटली.'

आमच्या माडीला कडी होती, पण बाहेरून. घरच्या माणसाला आतून दार लावावेसे वाटेल, हे वाडा बांधणाऱ्यांच्या मनातच आले नव्हते.

हे पत्र पुतणीने फोनवरून वाचून दाखवले, तेव्हा वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढीशी कडी! सुताराने तासाभरात बसवली असती हो." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच सुतार बोलावला.

शेजारच्या मुलाचा डबा काल बांधून झाला. त्यात पुतणीने लिहिलेला एक कागद आहे, तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा पत्ता आहे. आणि पहूरला पुढच्या महिन्यात लेण्यांचा अभ्यास करणारा एक मुलगा येणार आहे. त्याच्यासाठीही कागद तयार आहे: पोलिसांकडची नोंद, एस.टी.च्या वेळा, डॉक्टरांचा दवाखाना. खाली वहिनींनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे. 'जेवण आठ वाजता असते. खाली आलात तर आनंद. नाही आलात तर ताट झाकून ठेवू.'