अर्धवट मात्रा आणि सावध जंतू

तीन आठवड्यांचा खोकला, सायंकाळचा बारीक ताप आणि हातात कोणीतरी दिलेली गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. असा रुग्ण घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. त्या अर्ध्या स्ट्रिपने रुग्णाच्या शरीरातील जंतूंचे काय होते, याचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीवाणूस ज्ञानेंद्रिये नाहीत, तरी परिसरातील बदल तो अचूक जाणतो. त्याच्यातील एक संवेदक प्रथिन बदल टिपते आणि फॉस्फेटच्या साहाय्याने दुसऱ्या प्रथिनास संदेश देते. ते दुसरे प्रथिन आवश्यक जनुके कार्यान्वित करते. क्षयजंतूतील ‘देव-आर’ व ‘देव-एस’ या जोडीवर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जया त्यागी यांनी मोलाचे संशोधन केले. प्राणवायू घटताच ही जोडी जागी होते आणि जंतू वाढ थांबवून सुप्तावस्थेत जातो. वाढत्या जंतूवर चालणारी औषधे या सुप्त जंतूवर फारशी चालत नाहीत. खोकला थांबल्यावरही साध्या क्षयाची चिकित्सा सहा महिने चालवावी लागते, त्याचे एक कारण हेच.

दुसरा मार्ग उत्परिवर्तनाचा. कोट्यवधी जंतूंपैकी काहींत औषधास दाद न देणारा बदल योगायोगाने आधीच झालेला असतो. एकटे औषध किंवा अपुरी मात्रा दिली की बाकीचे मरतात आणि हेच उरतात, वाढतात. म्हणजे निवड आपणच करून देतो.

याचे फळ मुंबईने पाहिले आहे. डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले. त्यांपैकी तिघांना अनेक खासगी चिकित्सकांकडून एकेक औषध वाढवीत, बहुधा चुकीच्या मात्रेत, अनियमित उपचार मिळाले होते. त्याआधी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत १०६ खासगी चिकित्सकांनी क्षयासाठी ६३ निरनिराळे औषधक्रम लिहिले. बिनचूक होते केवळ ६.

‘हा दोष आधुनिक वैद्यकाचा, आमच्या वनौषधींना जंतू सरावत नाहीत’, असे आपल्यात ऐकू येते. हे समाधान फसवे आहे. राज्य शासनाच्या आदेशांच्या आधारे आपल्यापैकी अनेकजण आधुनिक औषधेही लिहितात. शिवाय दारुहळदीत आढळणारे बर्बेरिन घ्या. स्टॅफिलोकोकस जीवाणू ते आपल्या पेशीतून बाहेर फेकतो. बर्बेरिसच्या काही अमेरिकी जातींत हे बाहेर फेकणे रोखणारे दुसरे द्रव्यही असते, हे २००० साली दाखविले गेले. म्हणजे वनस्पतीलाही जीवाणूच्या या क्लृप्तीवर उपाय योजावा लागला! जंतू औषधाची पॅथी विचारीत नाही.

मात्रा आणि काल यांवर चिकित्सेची युक्ती अवलंबून असते, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकतो. तोच नियम इथे पाळावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रतिजैविकाचा प्रयोग न करता प्रथम थुंकीची तपासणी करावी. महापालिकेच्या केंद्रांत ती विनामूल्य होते. क्षयरुग्णाची नोंद कळविणे मे २०१२ पासून चिकित्सकांना आणि मार्च २०१८ पासून औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक आहे. रसायनचिकित्सा पूरक म्हणून अवश्य द्यावी, पण तिच्या भरवशावर क्षयाच्या गोळ्या थांबवू नयेत. औषधविक्रेत्यांनी २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीची नोंदवही निव्वळ तपासनिसासाठी ठेवू नये. चिठ्ठीविना मागितलेली अर्धी स्ट्रिप नाकारल्याने एक गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे खरे. म्हणूनच हा निर्णय एकट्यादुकट्याने नव्हे, विभागातील सर्वांनी मिळून घ्यावयास हवा.

जंतू क्षणोक्षणी परिस्थिती जाणून आपले वर्तन बदलतो. आपण मात्र जुन्या सवयींना चिकटून राहिलो, तर हा सामना विषमच राहील.