विश्लेषण : जे संघ कधी भिडलेच नाहीत, त्यांची क्रमवारी लावायची कशी?

आठ संघांची साखळी. प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला. क्रमवारी लावणे इतके सोपे असेल तर ऑनलाइन फुटबॉल लीगमध्ये त्यावरून दर हंगामाला भांडणे का होतात? कारण तिथे आठ-आठ संघांचे असे अनेक गट एकाच वेळी खेळत असतात. त्यांचे विजेते एकमेकांशी खेळलेलेच नसतात, आणि वरच्या श्रेणीतल्या जागा मात्र मोजक्या असतात. हाच पेच आता खऱ्या फुटबॉलच्या विश्वचषकातही आहे.

सिम्युलेशन लीग म्हणजे काय?

या खेळात बटणे दाबून गोल करायचे नसतात. खेळणारा हा क्लबचा मालक आणि प्रशिक्षक असतो. खेळाडूंची खरेदी-विक्री, सराव, अकरा जणांची निवड आणि डावपेच त्याच्या हातात असतात. सामना मात्र संगणक खेळवतो. मधली फळी कोणाची भारी, कोणाच्या आघाडीपुढे कोणाची बचाव फळी टिकेल याचा हिशेब होतो, त्यात थोडे नशीब मिसळले जाते आणि निकाल लागतो.

अशा खेळांपैकी सर्वांत जुन्यांमधला एक म्हणजे १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला ‘हॅटट्रिक’. त्याचा एक हंगाम १६ आठवड्यांचा असतो आणि प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळतो. प्रत्येक देशाची स्वतंत्र लीग असते, भारताचीही आहे. ज्याने बराच काळ लॉग-इन केले नाही त्याचा संघ संगणकाकडे जातो. अशा संघाला ‘बॉट’ म्हणतात. क्रमवारीचा वाद समजून घ्यायचा तर हा बॉट लक्षात ठेवायला हवा.

वाद नेमका कुठे होतो?

हॅटट्रिकमध्ये सर्वांत वर आठ संघांची एक श्रेणी असते. तिच्याखाली दुसऱ्या श्रेणीचे चार गट आणि त्याखाली तिसऱ्या श्रेणीचे १६ गट असतात. वरच्या गटातून शेवटचे दोन संघ थेट खाली येतात. त्यामुळे खालच्या चार विजेत्यांपैकी दोघांनाच थेट बढती मिळते. उरलेल्या दोघांना वरच्या गटातील पाचव्या-सहाव्या संघाशी पात्रता सामना खेळावा लागतो. तो हरला तर गट जिंकूनही १६ आठवडे पुन्हा तिथेच.

थेट बढती कोणाला हे ठरवताना आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल पाहिले जातात. समजा, एका गटात आठही संघ जिद्दीने खेळणारे आहेत आणि त्याचा विजेता ३० गुणांवर थांबला. दुसऱ्या गटात तीन बॉट आहेत. तिथल्या विजेत्याने त्यांच्याविरुद्धचे सहाही सामने मोठ्या फरकाने जिंकून ३८ गुण मिळवले. तक्त्यात दुसरा संघ वर दिसेल. तो खरोखर सरस आहे की त्याला गट सोपा मिळाला, हे तक्ता सांगू शकत नाही.

गुणतालिका किती भरवशाची?

एकाच गटापुरती ती न्याय्य असते, कारण सर्वांचे प्रतिस्पर्धी तेच असतात. तरीही १४ सामने ही छोटी संख्या आहे. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि सोयीसाठी बरोबरी बाजूला ठेवली. तो सरासरी आठ-साडेआठ सामने जिंकेल. पण गणित सांगते, की असे १०० हंगाम खेळवले तर साधारण १२ हंगामांत तो ११ किंवा अधिक सामने जिंकेल आणि सहा हंगामांत पाच किंवा त्याहून कमी. संघ तोच, खेळ तोच. एकदा ३३ गुण आणि एकदा १५. पहिल्या वेळी त्याला बढती मिळू शकते, दुसऱ्या वेळी त्याच्यावर खालच्या श्रेणीत जाण्याची वेळ येऊ शकते.

‘एलो’ पद्धतीने प्रश्न सुटतो का?

हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी मानांकनाची एक पद्धत तयार केली. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. तिची कल्पना साधी आहे : कोणाला हरवले, यावर गुण ठरतात. सामन्याआधी दोघांच्या मानांकनातील फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे.

एका सामन्यात जास्तीत जास्त २० गुण हलतात असे धरू. बरोबरीच्या संघाला हरवले तर १० गुण मिळतात. २०० गुणांनी कमी असलेल्याला हरवले तर पाचच्या आसपास, आणि ४०० गुणांनी कमी असलेल्याला हरवले तर दोनसुद्धा नाहीत. म्हणजे बॉटला धुऊन काढण्यात फारसा फायदा उरत नाही. उलट त्याच्याकडून हरले तर १८ गुण जातात.

पण एलोलाही एक मोठी मर्यादा आहे. विजेत्याला मिळालेले गुण पराभूताच्या खात्यातूनच येतात. आठ संघ फक्त आपसातच खेळत राहिले तर त्यांच्या गुणांची बेरीज कधीच बदलत नाही. दोन गट प्रत्येकी १५०० गुणांवर सुरू झाले, तर एक गट दिग्गजांचा आणि दुसरा नवख्यांचा असला तरी दोघांची सरासरी १५०० च राहील. गटांमध्ये पूल हवा. चषकाचे सामने, पात्रता सामने, परदेशी संघांशी मैत्रीपूर्ण लढती हे ते पूल. पूल कमी असतील तर एलोचा आकडा गुणतालिकेपेक्षा फारसा शहाणा नसतो, फक्त तसा दिसतो.

दुसरी मर्यादा वेगाची. सिम्युलेशन लीगमध्ये मालक एका आठवड्यात निम्मा संघ विकू शकतो. एलोला ते कळायला कित्येक सामने जावे लागतात.

मग संगणकालाच विचारले तर?

हा मार्ग खऱ्या फुटबॉलमध्ये नाही, सिम्युलेशनमध्ये आहे. प्रत्येक फळीची ताकद संगणकाला आकड्यांत ठाऊक असते. त्यावरून संघाचे ‘पॉवर रेटिंग’ काढता येते आणि हॅटट्रिकमध्ये ते दाखवलेही जाते. दोन संघ कधीच भिडले नसले तरी त्यांची तुलना लगेच होते.

अडचण अशी, की हा आकडा ताकद सांगतो, कामगिरी नाही. कमी ताकदीच्या संघाने अचूक डावपेच आखून बलाढ्य संघाला हरवले, तर त्याचे श्रेय या आकड्यात येत नाही. बढती यावरच द्यायची ठरवली तर सामने खेळायचे कशाला?

सूत्र बदलले की खेळही बदलतो

क्रमवारीचे सूत्र खेळाडूंना कळले, की ते सूत्रासाठी खेळू लागतात. याचे ठळक उदाहरण खऱ्या फुटबॉलमधले आहे. फिफाच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक सामन्याला मिळालेल्या गुणांची सरासरी काढली जाई आणि मैत्रीपूर्ण सामन्याला पात्रता सामन्याच्या तुलनेत फार कमी वजन होते. त्यामुळे मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही सरासरी घसरू शकत असे. २०१८ च्या विश्वचषकाआधी पोलंडने असे सामने जवळपास टाळले. ऑक्टोबर २०१७ च्या क्रमवारीत पोलंड सहाव्या आणि स्पेन आठव्या स्थानी होता. गटवारीच्या सोडतीत पोलंडला अव्वल संघांमध्ये जागा मिळाली आणि स्पेनला दुसऱ्या स्तरात जावे लागले. प्रत्यक्ष स्पर्धेत पोलंड आपल्या गटात तळाला राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने जुनी पद्धत सोडून एलोवर आधारित सूत्र स्वीकारले.

गोलफरकाचेही तसेच. तो निर्णायक ठरतो म्हटल्यावर दुबळ्या संघावर सातवा-आठवा गोल चढवण्याला किंमत येते. आयपीएलमध्ये शेवटच्या आठवड्यात नेट रनरेटसाठी षटके मोजत फलंदाजी करणारे संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

विश्वचषकाशी याचा संबंध काय?

२०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ आणि १२ गट अशी रचना ठरली. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे जातात आणि त्यांच्याबरोबर तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम आठ संघही. हे आठ निवडताना एकमेकांशी न खेळलेल्या संघांची तुलना होते. तीही आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल याच क्रमाने. म्हणजे हॅटट्रिकमधलाच पेच, फक्त १४ ऐवजी तीन सामन्यांच्या आधारावर.

याचे परिणाम किती मोठे असू शकतात, हे २०१६ च्या युरो स्पर्धेत दिसले. पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि तीन गुणांसह तिसरे स्थान घेतले. दुसऱ्या गटात एक विजय मिळवलेल्या अल्बानियाचेही तीनच गुण होते. गोलफरकावर पोर्तुगाल पुढे गेला, अल्बानिया घरी गेला. पुढे पोर्तुगालने ती स्पर्धाच जिंकली.

भारतातील खेळाडूंना याचे महत्त्व का?

२०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा पदकांसाठी खेळवले गेले. त्यात फुटबॉलचा व्हिडिओ गेमही होता आणि भारतीय खेळाडू त्यात उतरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. ऑनलाइन खेळातून निवड, बक्षीस आणि नाव मिळू लागले, की क्रमवारी ही केवळ गमतीची यादी राहत नाही. कोण निवडला जातो आणि कोण बाहेर राहतो, हे तिच्यावर ठरू लागते.

मग योग्य पद्धत कोणती?

तिन्ही पद्धती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. गुणतालिका सांगते, या हंगामात या गटात कोणी काय कमावले. एलो सांगते, पुढच्या सामन्यात कोणाचे पारडे किती जड. पॉवर रेटिंग सांगते, आज कोणाकडे काय साहित्य आहे. वाद होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे. गटाचा विजेता गुणांवर ठरवावा, मानांकन आणि सोडतीसाठी एलो वापरावा, आणि वेगवेगळ्या गटांतील विजेत्यांमध्ये निवड करायची वेळ आली तर शक्य तिथे त्यांचा आपसात सामनाच लावावा. सामन्याला जागा नसेल आणि सूत्रच वापरावे लागणार असेल, तर ते हंगाम सुरू होण्याआधी सर्वांना माहीत असावे. नियम आधी ठाऊक असेल तर कठोर निकालही लोक पचवतात. चार महिने खपून संघ उभारणाऱ्याला आपण कोणत्या हिशेबाने मागे राहिलो, हे स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे.