उलव्यातून वाइनची परीक्षा

दारातच नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आल्यामुळे उलव्यातल्या तरुणांना हॉटेल आणि विमान कंपन्यांतल्या नोकऱ्या आता जवळच्या वाटू लागल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी वाइनच्या व्यावसायिक परीक्षेला बसायचे ठरवले, तर घरच्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. हा अभ्यास पिण्याचा नाही, ओळखण्याचा आहे.

लंडनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’च्या परीक्षा जगभर मानल्या जातात. तिसऱ्या पातळीवर लेखी परीक्षेबरोबरच दोन अनोळखी वाइनचे परीक्षण असते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. आम्लता, तुरटपणा, गोडवा यांची एकेक नोंद करायची. डोके शाबूत ठेवावेच लागते.

पाठांतराने मात्र भागत नाही.

थंडी, ऊन, माती यांनी द्राक्षात काय बदलते, हे कारणांसह लिहावे लागते. त्याचे उत्तम उदाहरण नाशिकला आहे. युरोपात वाइनची द्राक्षे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे त्या सुमारास छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळा टाळण्यासाठी शेतकऱ्याने बसवलेले हे वेळापत्रक शिवारात उभे राहून पाहिले, की पुस्तकातले प्रकरण पक्के डोक्यात बसते. म्हणूनच इथल्या हॉटेल व्यवस्थापन महाविद्यालयांनी नाशिकची शिवारफेरी अभ्यासक्रमातच घालावी. हाच अभ्यास पुढे नेत मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही वाइनच्या जगातली मानाची पदवी मिळवणाऱ्या भारतातल्या पहिल्या ठरल्या. उलव्यातल्या मुलींनाही ही वाट खुली आहे.