नोकरी कायमची आहे ना?



मुलाने वा मुलीने विज्ञानाच्या उच्च शिक्षणाची इच्छा बोलून दाखविली की आपल्या घरांतून पहिला प्रश्न उठतो तो हा: "पुढे नोकरी कायमची मिळेल ना?" मध्यंतरी आपल्या धर्मग्रामातील एक माता हाच प्रश्न घेऊन मजकडे आली. तिच्या कन्येस पदार्थविज्ञानात, त्यातही 'क्वांटम' नामक शाखेत, संशोधन करावयाचे आहे. त्या मातेस मी जी हकिगत सांगितली तीच येथे देतो.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस आस्ताफोर नावाचे एक लहानसे गाव आहे. १९४७ साली जन्मलेले आलँ आस्पे ह्यांचे बालपण तेथे गेले. आईवडील शाळाशिक्षक. शिक्षण झाल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी आस्पे ह्यांनी १९७१ पासून तीन वर्षे आफ्रिकेतील कॅमेरून देशात अध्यापन केले. काम आटोपल्यावर ते क्वांटम शास्त्रावरील एका नव्या ग्रंथाचा स्वतःच अभ्यास करीत. मायदेशी परतल्यावर जॉन बेल ह्या शास्त्रज्ञाचा १९६४ सालचा एक निबंध त्यांच्या वाचनात आला.

त्या निबंधातील प्रश्न असा. एका जोडीतील एकेक चप्पल दोन पेट्यांत घालून दोन गावी धाडली, तर एक पेटी उघडताच दुसरीत कोणत्या पायाची चप्पल आहे हे कळते. कारण ते आधीच ठरलेले असते. एकत्र जन्मलेल्या दोन प्रकाशकणांचेही असेच असेल काय? आईन्स्टाईनसारख्यांस तसे वाटे. ह्याचा निवाडा प्रयोगाने करता येईल, असे बेल ह्यांनी दाखविले.

१९७५ साली आस्पे जिनीव्हास जाऊन बेल ह्यांना भेटले. बेल ह्यांनी प्रथम विचारले ते हेच, की तुमची नोकरी कायमची आहे ना! कारण त्या काळी हा विषय म्हणजे वेळेचा अपव्यय, असे बहुतेक विद्वान मानीत. अमेरिकेत जॉन क्लाउझर ह्यांनी १९७२ साली असा प्रयोग केला होता. परंतु त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद लाभले नाही. आस्पे ह्यांची अध्यापकाची जागा साधी, पण कायमची होती. तेव्हा बेल ह्यांनी त्यांस उत्तेजन दिले.

पुढली सात वर्षे उपकरणे जुळविण्यात व मोजमापांत गेली. १९८२ साली सिद्ध झाले की चपलांचा दृष्टान्त त्या कणांस लागू पडत नाही. त्यांचा परस्परसंबंध त्याहून गूढ आहे. ह्या प्रयोगांवरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाली तेव्हा आस्पे ह्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती. नोबेल पारितोषिक आले २०२२ साली, क्लाउझर व अँटोन झायलिंगर ह्यांच्यासमवेत. ज्या संबंधाची थट्टा होई, त्याच्याच आधारे आज चोरून वाचल्यास उघडकीस येईल अशा गुप्त संदेशांची व नव्या जातीच्या संगणकांची उभारणी चालू आहे. आपल्या सरकारनेही २०२३ साली ह्या कार्यासाठी सुमारे सहा हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मार्ग दीर्घ आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर पाच-सहा वर्षे पीएच.डी., आणि मग बहुधा काही वर्षे तात्पुरत्या जागा. मात्र राष्ट्रीय पात्रता परीक्षेत शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्यांस संशोधनकाळात दरमहा ठरावीक रक्कम मिळते, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नसते.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात शिकविले आहे. परंतु हिशेब करावयाचा तो बुरूज बांधण्यासाठी. म्हणून त्या मातेस मी म्हटले, "बाई, तुमचा प्रश्न योग्यच आहे, बेलसाहेबांनीही तोच विचारला. मात्र त्यांनी तो दार लावून घेण्यासाठी विचारला नव्हता. मुलीला बी.एड. करून शिक्षकी पेशाचा आधार ठेवू द्या, आणि मग तिला चालू द्या."

ती माता घरी गेली ती विचार करीतच. ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांनीही हा विचार करावा. आणि प्रार्थनेच्या वेळी ह्या मुलांची आठवण ठेवावी.